माझ्या नावावरचं घर

४ मे, सोमवार
अर्ज परत आला! तरुणांसाठीच्या घरांच्या सोडतीतून बाद. कारण एका ओळीत — ‘अर्जदाराच्या नावे घर आहे.’ माझ्या? मी बाबांच्या खोलीबाहेर, कपड्यांच्या दोरीखाली झोपते!

लांब्याला फोन केला. लिफ्ट दुरुस्त करतो तो. सगळ्या उंच इमारतींच्या गच्च्या पाहून झाल्यात, पण स्वतःचा मजला एकही नाही. म्हणाला, “अगं, त्यांचीच चूक असेल. आधी घर, मग लग्न, ठरलंय ना आपलं?” ठरलंय खरं.

५ मे
चूक नाही. कचेरीतल्या बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. आमचंच घर, मालकीण मी. खाली सही माझीच, तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा बाबांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, आणि मामा “इथं कर, आता इथं” म्हणत पानं उलटत होता. केल्या सह्या. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते मी, आणि स्वतः डोळे झाकून! हसावं की रडावं कळेना.

६ मे
बाबांना विचारलं. “घर माझ्या नावावर असतं तर मावशी मिळाली नसती गं.” मावशी म्हणजे सरकारी मदतीतून रोज येणारी बाई. ती त्यांना अंघोळ घालते, चालवते, म्हणून मी कामावर जाऊ शकते. ज्याला घर नाही त्यालाच मावशी. “आणि माझ्यामागं तुलाच मिळायचं होतं. आधी दिलं इतकंच.”

खूप राग आला. कोणावर, तेच समजेना. त्यांच्या हनुवटीवर चहा ओघळला होता, तो पुसला.

९ मे
घर परत बाबांच्या नावावर केलं तर मावशी बंद. मावशी बंद तर माझी नोकरी बंद. इकडे आड, तिकडे विहीर. लांब्याला म्हटलं, इथंच ये राहायला. “मी कुठं झोपू, दोरीवर?” मग म्हणाला, “मी एकटाच अर्ज भरतो. अविवाहित म्हणून, म्हणजे तुझं घर मोजायचे नाहीत. खोटं कुठाय त्यात?” नाहीच. मग मला का टोचतंय?

११ मे
एका आजींना चुकीच्या नंबरचा चष्मा दिला. मालक ओरडले. बरोबरच ओरडले.

२८ मे
लांब्याचं नाव लागलं!! सातवा मजला! मी दुकानातच किंचाळले. बाबा तर एका हातानं टाळ्या वाजवत होते, मांडीवर.

२९ मे
सह्या उद्या. लांब्या कागद देऊन गेला, “तू वाच, तुला सवय आहे.” या वेळी शब्दन् शब्द वाचला. कलम अकरा — सात वर्षं मालकाच्या वा त्याच्या पत्नीच्या नावे दुसरं घर नसावं. आढळल्यास घर परत घेतलं जाईल. त्यानं हे वाचलेलं नाही.

आतून बाबा विचारतायत, “मग, लग्नाची तारीख कधीची काढायची?”