तिसऱ्या मजल्यावरचं दार

शिर्डी,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ज्योती,

दादाचा आशीर्वाद. राहुरीत तुम्ही दोघं खुशाल असाल. इकडे सगळं ठीक आहे. आई बरी आहे, थंडी पडायला लागली आहे, दिवाळीची गर्दी ओसरली तरी लॉज गुरुवारी भरतंय.

या जमान्यात पत्र बघून हसशील. हस. पण मी करू काय? तू फोन उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. मागे एकदा उचललास तर मागून दाजींचा खोकला ऐकू आला, म्हणजे फोन स्पीकरवर. म्हटलं, कागद बरा. कागदाला स्पीकर नसतो.

भाऊबीजेलाही आली नाहीस. आईनं ताट तयार ठेवलं होतं. मग ते तिनं स्वतःच उचललं आणि मला म्हणाली, "रस्त्यात गर्दी आसंल." राहुरी ते शिर्डी रस्त्यात कितीही गर्दी असली तरी माणूस संध्याकाळपर्यंत पोचतं, हे तिलाही कळतं. पण ती बोलायची नाही.

तर कामाचं बोलू. मला या लॉजनं वेड लावायचं बाकी ठेवलंय. बांधताना जो तो सांगत होता, आता साधं लॉज चालत नाही, बिल्डिंग स्मार्ट पाहिजे. दारं कार्डानं उघडली पाहिजेत, एसी आपोआप बंद झाला पाहिजे, आग लागली तर बिल्डिंगनं स्वतः ओरडलं पाहिजे. बरं, पाहिजे तर पाहिजे. पण काम कुणाला द्यायचं? सगळं एकाला की वेगवेगळ्यांना? आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारतच नाही. एसी मामांच्या ओळखीतल्याला गेले. लिफ्ट नगरच्या पार्टीला, कारण जुना घरोबा. आगीचा अलार्म हनुमंतला, कारण शाळेत तो माझ्या बाकावर बसायचा. आणि कार्डाची कुलपं वाल्मिकदाजींना. जावयाचं कुलपांचं दुकान असताना मी बाहेरून माल आणला असता तर तूच मला जिवंत ठेवलं नसतंस.

झालं. चार जण, चार ॲप, चार पासवर्ड, आणि ते सगळे विसरणारा मी एकटा. पाहुणा कार्ड काढून खोलीबाहेर पडला की एसी बंद व्हायला हवा. तो चालू राहतो आणि गीझर बंद पडतो. मग पहाटे काकड आरतीला निघालेली माणसं गार पाण्याची बादली घेऊन काउंटरवर माझ्या नावानं शंख करतात. एसीवाल्याला फोन केला की तो म्हणतो, कुलूपवाल्याला विचारा. दाजी म्हणतात, एसीवाल्याला विचारा. लिफ्टवाला तर काही न विचारताच म्हणतो, आपला काही संबंध नाही. मी कुणाला विचारू, समाधीला जाऊन बाबांना? बारभाईची खेती, काय लागेल हाती, ही म्हण काढणाऱ्याचंही बहुतेक लॉजच असावं.

तू म्हणशील, मग दे सगळं एकाला. तेवढं सोपं असतं तर काय! पलीकडच्या गल्लीतल्या बिभीषणनं तेच केलं. सगळं एकाच कंपनीला दिलं आणि मान त्यांच्या हातात दिली. आता तिसऱ्या खोलीतला दिवा लागेना झाला तरी कंपनीचा माणूस येईपर्यंत तिथं मेणबत्ती. दुसऱ्या कुणी हात लावला की गॅरंटी गेली. परवा चहा पिताना तो मला म्हणाला, "तुझे चार जण तुझ्यासमोर भांडत्यात तरी. माझ्याशी भांडायला बी कुणी न्हाई."

हे सगळं मी तुला का सांगतोय? कारण पुण्याची एक कंपनी सगळं काम एकहाती घ्यायला तयार आहे, आणि मी दाजींचं काम काढून तिला देणार असं तुझ्या कानावर घातलं गेलंय. खरं आहे, तसं चाललंय. पण का चाललंय, ते तुला धड कुणी सांगितलेलं नाही.

तुला एवढंच माहीत आहे, की श्रावणात एका गुरुवारी लॉजवर अलार्म वाजला, एक म्हातारी बाई थोडा वेळ दाराआड अडकली, आणि तेवढ्यावरून तुझ्या भावानं चारचौघांत तुझ्या नवऱ्याचा अपमान केला. अपमान केला हेही खरं. मी ओरडलो, हातातला स्क्रूड्रायव्हर फेकला, तो लागला असता तर लागला असता. मला आजही वाईट वाटत नाही.

थांब, कागद फाडू नकोस. पुढं वाच.

तिसऱ्या मजल्याच्या जिन्याला दार आहे, ते तू पाहिलंयस. गर्दीच्या दिवशी बाहेरची माणसं जिन्यानं वर येऊन आपल्याच नळावर अंघोळी उरकायची, म्हणून दाजींनी त्याला आतून-बाहेरून कार्डाचं कुलूप बसवलं. छान बसवलं. फक्त अलार्म वाजला की ते आपोआप सुटायला हवं होतं. त्या दिवशी त्याच मजल्यावरच्या इस्त्रीच्या खोलीत चादरी पेटल्या. अलार्म वाजला. लिफ्ट खाली जाऊन थांबली, तशी ती थांबायलाच हवी. एसी चालूच राहिला आणि धूर मजलाभर पसरवत बसला. आणि दार सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चौघांना बोलावून आम्ही छताची फळी काढली. आत दोन वायरी होत्या. एक हनुमंतच्या अलार्मची, एक दाजींच्या कुलपाची. दोन्हींच्या मधे वीतभर अंतर. दोन्ही टोकांना टेप इतकी नीट गुंडाळलेली, की बघून मला रडावं की हसावं कळेना. हनुमंत म्हणाला, "मी वायर आणून ठेवली हुती, जोडायची कुलूपवाल्यानं." दाजी म्हणाले, "जोडायचं काम अलार्मवाल्याचं असतं." एसीवाला म्हणाला, मला कुणी काही सांगितलंच नव्हतं. लिफ्टवाला म्हणाला, आमची लिफ्ट तर बरोबर थांबली. मजलाभर जळक्या चादरींचा वास, आणि हे चौघे मोठ्या आवाजात एकमेकांकडे बोटं दाखवतायत. तेव्हा मी ओरडलो.

ज्योती, ती म्हातारी बाई म्हणजे आपली आई होती.

मंदिराचा कळस दिसतो म्हणून तिनं तिसऱ्या मजल्यावरची खोली घेतली, हे तुला ठाऊक आहे. अलार्म ऐकून ती घाईनं बाहेर आली. कार्ड खोलीच्या खाचेतच राहिलं आणि खोलीचं दार मागं लागलं. लिफ्ट येईना, जिन्याचं दार उघडेना. ती धुरात उभी राहून दारावर थापा मारत होती. मी खाली पाहुण्यांची डोकी मोजत होतो आणि मला वाटत होतं, ती मंदिरात गेलीय. झाडलोटीच्या पुष्पावतीला थापा ऐकू आल्या. तिनं आग विझवायचं सिलिंडर उचललं आणि दाराची काच फोडली. आई गुडघ्यावर बसलेली होती. पदर तोंडाशी, डोळे मिटलेले.

चार दिवस तिला दवाखान्यात ठेवलं. मी तुला फोन लावला होता, तोवर तिनं ऑक्सिजनची नळी बाजूला करून माझा हात धरला. म्हणाली, "ज्योतीला सांगशील तर माझी आन हाय तुला. दार जावायानं बसवलंय. तिच्या घरात ह्या दाराचं नाव न्हाई निघालं पायजे." सगळ्या नोकरांनाही तिनं शपथा घातल्या. म्हणून दाजींना कळलं ते एवढंच, की कुणी म्हातारी पाहुणी अडकली. आणि मी हा असा, तोंड बांधून बसलेला. तू रुसलीस तरी कारण सांगता येईना.

तेव्हा वर "आई बरी आहे" लिहिलंय ते पूर्ण खरं नाही. खोकला अजून आहे. खोलीचं दार लावून झोपत नाही. आणि त्या जिन्याच्या दारात तिनं घोडेगावच्या आपल्या जुन्या घरातला वरवंटा आणून ठेवलाय, दार लागू नये म्हणून. लाखांची स्मार्ट बिल्डिंग आणि दारात वरवंटा! परवा पुण्याच्या मोनिका मॅडम पाहणीला आल्या, त्या कंपनीच्या इंजिनिअर. म्हणाल्या, हे दार असं उघडं राहिलं तर आग लागल्यावर धूर जिन्यात भरेल, सगळा मजलाच अडकेल. दार लागलंच पाहिजे आणि वेळेला सुटलंच पाहिजे. मी वरवंटा काढायला गेलो तर आई माझ्यावर लहानपणी ओरडायची तशी ओरडली.

मग मी चिडून तिला विचारलं, की बाई, चूक कुणाची होती ते तरी मला सांग. ती म्हणाली, "माजी."

मला आधी कळेना. मग आठवलं. गुढीपाडव्याला लॉजचं उद्घाटन होतं. हनुमंत म्हणाला होता, एकदा सगळ्यांसमोर अलार्म वाजवून दारं सुटतात का बघू. तेव्हा आईच म्हणाली होती, "जावायाच्या कामाची परीक्षा घेता व्हय रे? लोकं काय म्हंतील?" आणि आम्ही परीक्षा घेतली नाही. चौघांना फेटे बांधले, नारळ दिले, दाजींना शाल दिली, जेवणाची पंगत उठवली. वायरी वर छतात तशाच राहिल्या. अख्ख्या बिल्डिंगमध्ये "माझी चूक" म्हणणारं एकच माणूस निघालं, आणि तेही जे मरता मरता वाचलं.

आता नीट ऐक. मोनिका मॅडमनी मला वेगळाच रस्ता दाखवला. त्या म्हणाल्या, "चार जण राहू द्यात, आमची हरकत नाही. पण सगळ्यांची कामं जुळतात की नाही याची जबाबदारी एकाची हवी. ती आम्ही घेतो. मात्र प्रत्येकाचं काम आमच्यासमोर तपासलं जाईल." बाकीचे तिघं कुरकुरत तयार झाले. दाजींना हनुमंतकडून निरोप पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "मेव्हण्याला माझं काम परक्या पोरीकडून तपासून घ्यायचं असेल, तर आधी नातं तोडलं म्हणून सांगावं."

मी काय सांगू, ज्योती? जावयाला बोलायचं नाही, जावयाचं तपासायचं नाही, जावयानं बसवलेल्या दाराआड माणूस गुदमरलं तरी सांगायचं नाही. मी थकलोय. मी आईची आन मोडतोय आणि तुला सगळं लिहितोय. पाप लागायचं ते मला लागू दे.

येत्या सोमवारी सकाळी तपासणी आहे. अलार्म वाजणार, दार लागलेलं असणार. दाजी आले आणि त्यांनी ती वायर जोडली तर त्यांचं काम त्यांच्याकडेच राहील, हा माझा शब्द. नाही आले तर सगळं काम पुण्याच्या कंपनीला जाईल, आणि बिभीषणसारखी माझी मान अडकली तरी चालेल. मात्र ते दार मी पुन्हा तसं राहू देणार नाही.

काल आईला तपासणीचं सांगितलं. वाटलं, ती आता दोन दिवस जेवायची नाही. तिनं वरवंट्याकडे बोट केलं. म्हणाली, "काढ त्यो. लाव दार. सोमवारी मी आतच हुबी राहते."

मी म्हटलं, वेड लागलंय का तुला?

म्हणाली, "जावायाचं दार हाय. उघडंल. फकस्त दाराच्या पल्याड माझी पोरगी हुबी पायजे."

सोमवारी नऊच्या आत ये. हे पत्र दाजींना वाचायला दे, आणि ते आले तर त्यांना घेऊन ये. ती ऐकायची नाही, आत उभी राहणारच आहे.

तुझा,
दादा