शांताआत्याचे केस

३ नोव्हेंबर २०१४, सोमवार

नाही म्हणायचं ठरवून गेले आणि हो म्हणून आले!

वरच्या मजल्यावरची अद्वोआ – मूळची घानाची, लग्नांचे फोटो काढून पोट भरते – स्वतःचं प्रदर्शन लावतेय. सिंगापुरात राहणाऱ्या बारा कृष्णवर्णीय बायका आणि त्यांच्या केशरचना. प्रत्येक फोटोखाली चार ओळी हव्यात. मुदत पुढचा शुक्रवार. पुण्यात पेपरच्या पुरवणीच्या डेस्कवर अर्धं आयुष्य काढलं. बारा फोटोओळी म्हणजे दोन कप चहा.

जेवताना लेकीचं, जाईचं पुन्हा तेच. डिसेंबरात पुण्याला नात्यातल्या अवनीचं लग्न, त्याआधी केस रिबॉन्डिंग करून सरळ हवेत. पंधराव्या वर्षी डोक्यावर केमिकल? नाही म्हटलं.

"तुझे स्ट्रेट आहेत, तुला काय कळणार! सगळं त्या शांताआत्यामुळे. सो मीन, ला!"

शांताआत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, पद्माकरची आत्या. वारली. मूलबाळ नाही, फोटोही नाही. कुरळे केस तिच्याकडून आले, हे जाईला मीच सांगितलं – ती पाच वर्षांची असताना. मेलेली बाई आणि पुरावा शून्य. बातमीदाराला यापेक्षा सुरक्षित सूत्र मिळत नाही.

खरं सूत्र मी. दर सहा महिन्यांनी तोआ पायोह भागात 'क्लायंट मीटिंग' असते, ती चार तास चालते आणि मी सरळ केसांनी घरी येते. पद्माकरला पत्ता नाही. त्याला पडदे बदललेले कळत नाहीत.

तेव्हाच सांगितलं असतं तर एका वाक्यात संपलं असतं. आता दहा वर्षांची लेखमाला झाली.

५ नोव्हेंबर, बुधवार

बाराही फोटोओळी तयार. एकाही बाईला न भेटता! जुनी खोड – समारंभाआधीच वृत्तांत लिहून ठेवायचा, पाहुणे आले तर उत्तम. 'नागिणीसारख्या वेण्या', 'काळाभोर ढग', 'डोईवरचा मुकुट'. पाठवल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्या परत.

"साप कुठाय? ढग कुठाय? मी बायकांचे फोटो काढलेत, नीलिमा. जा, भेट त्यांना. विचार, केस कोणी केले?" आणि वर – "तुझ्या संपादकाने तुला कधी मारलं नाही का?"

मारायला हवं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज अद्वोआच्या घरी शेवटचा फोटो होता. मोहरीच्या रंगाचा पडदा, बुटकं स्टूल. रिफ्लेक्टर धरायला जाई. समोर टेमी – नायजेरियाची, बुओना व्हिस्टाला प्रयोगशाळेत संशोधन करते. कपाळापासून मानेपर्यंत डोक्याला घट्ट चिकटलेल्या बारीक वेण्या, नागमोडी... साप परत आला! खोडलं. वळणावळणाच्या.

विचारलं, कोणी घातल्या?

"मीच. पण आई लागोसहून व्हिडिओ कॉलवर होती, पाच तास. 'डावीकडे! डावीकडे म्हटलं ना! केस विंचरतेस की कालवा खणतेस?'" मग कानामागची एक वाकडी वेणी दाखवली. "ही चुकली. सोडायला निघाले तर म्हणाली, राहू दे, फोटोत मी तुला तेवढ्यावरून ओळखेन."

जाई रिफ्लेक्टर विसरून बघत होती. "तुम्हाला कधी सरळ करावेसे वाटले नाहीत?"

"केले ना. आईही करायची. मग एका दिवशी दोघींनी एकदमच थांबवलं. एकटीने थांबवायला फार धीर लागतो गं."

जाई माझ्याकडे बघत नव्हती. मीच तिच्याकडे बघत होते.

मग टेमीने मला विचारलं, "आणि तुमचे? कोणी केले?"

"देवाने," मी म्हणाले.

अद्वोआ कॅमेऱ्यामागे खोकली. निघताना दारात माझ्या भांगाकडे बोट करून हळूच – "देव मुळाशी चार बोटं कमी पडलाय. रोज इस्त्री फिरवतेस ना?"

९ नोव्हेंबर, रविवार

पर्समधलं पार्लरचं कार्ड सापडत नाही. नऊ शिक्के झाले होते, दहावी वेळ फुकट! सकाळी जाईने पर्समधून मेट्रोचं कार्ड घेतलं होतं. पण तिला विचारणार काय – कुठलं कार्ड म्हणून?

१२ नोव्हेंबर, बुधवार

अकरा फोटोओळी पुन्हा लिहून झाल्या. अकराही जणींना भेटून. कोणाचे केस मावशीने केलेत, कोणाचे मैत्रिणीने, एकीचे नवऱ्याने (तो हौसेने वेण्या घालतो, पण भिकार, म्हणाली).

शनिवारची तोआ पायोहची वेळ रद्द केली. पार्लरवाली आंटी घाबरलीच – "यू सिक आ?" नाही म्हटलं. फोन ठेवला तेव्हा जाई मागे फ्रिजपाशी होती.

जाईला सांगायचं. शनिवारी दुपारी, जेवताना. मुदत घातल्याशिवाय माझ्याकडून काहीच होत नाही, तर ही मुदत. काय बोलायचं त्याचे तीन मसुदे केले. तिन्हींत शांताआत्या मधे येते. बिचारीची माफी तरी कुठल्या पत्त्यावर मागू?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

बाराही फोटोओळी दिल्या. शेवटची अशी: 'टेमी. वेण्या घातल्या तिने. सांगितल्या आईने, लागोसहून. कानामागची वाकडी आहे.'

अद्वोआ म्हणाली, "ठीक." तिच्याकडून हे म्हणजे सुवर्णपदक.

१५ नोव्हेंबर, शनिवार. टॅक्सीत

न्हाऊन बाहेर येते तोच आंटीचा फोन. "युअर डॉटर हिअर. शी से यू नॉट कमिंग, शी टेक युअर स्लॉट. गॉट कार्ड, टेन्थ वन फ्री. बट सो यंग, सो आय आस्क यू फर्स्ट. सेम लाइक मदर, कॅन?"

"तिला फोन द्या."

मागे जाईचा आवाज – "टेल हर आय फाउंड आउट ऑलरेडी."

"हात लावू नका," म्हटलं. "येतेय मी."

केसांवर इस्त्री फिरवायची राहिली. लिफ्टच्या आरशात पाहिलं. वरची चार बोटं शांताआत्या, खाली मी. आणि वाळतील तशी ती आणखी उभी राहतेय!

ड्रायव्हर आरशातून बघतोय. बघ बाबा. जाईच्या आधी तुझा नंबर.