आठवी ब आणि ओला रुमाल

सोमवार, ३ फेब्रुवारी
बी.एड.चा शेवटचा सरावपाठ पुढच्या सोमवारी. पास झालो की शिक्षक, नापास झालो की मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात. त्याने माझ्यासाठी स्टूल आणून ठेवलंय म्हणे. आई शेजारीपाजारी मला आत्तापासूनच सर म्हणते. मी अडवत नाही. सवय झालेली बरी.

वर्ग मिळाला आठवी ब. कॉलेजात सांगितलं तर सगळे एकदम आपापल्या चहात बघायला लागले. जळतात, दुसरं काय.

मंगळवार, ४
ताई शाळेत शिकवते. म्हणाली, आधी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून नुसतं बघ. नको म्हटलं. दुसऱ्याचं बघून आपली स्टाइल बिघडते.
संकल्प: पाठ संपूर्ण स्वतःच्या डोक्याने तयार करायचा.

बुधवार, ५
डोकं दुखतंय. सीनियरकडून बाष्पीभवनाच्या पाठाचं टाचण आणलं. सगळे हाच घेतात, सेफ आहे, म्हणाला. एक ओला रुमाल घडी करून ठेवायचा, दुसरा पंख्याखाली पसरायचा, आणि आधी कुठला वाळेल ते मुलांना विचारायचं. मध्ये एक विनोदही आहे. मी फक्त रुमालांचा रंग बदलला. आता पाठ माझा.

शुक्रवार, ७
आठवी ब बघून आलो. दारात पाऊल टाकलं आणि वर्ग चिडीचूप. हसणं नाही, खुसपूस नाही. सगळे माझ्या पिशवीकडे बघत होते. दोन वेण्यांच्या मुलीने हळूच विचारलं, सर, रुमाल आणलाय का? स्वच्छतेची केवढी जाण. मागचा उंच मुलगा भिंतीला टेकून बसला होता, बोट पंख्याच्या बटणावर, नजर माझ्यावर. सकाळच्या गारठ्यात.

दरारा म्हणतात तो हाच. जिना उतरताना दोन पायऱ्या चुकल्या. चप्पल नवीन आहे.

खाली गणिताच्या सरांना विचारलं, वर्ग कसा आहे? मुलं चांगली आहेत हो, म्हणाले, आणि अर्धा डबा तसाच बंद करून निघून गेले.

रविवार, ९
कपाटासमोर रंगीत तालीम. आईला विद्यार्थी केलं. पहिलाच प्रश्न विचारला, तर म्हणाली, सर, आधी जेवून घ्या. ताट तसंच परत केलं. मला भीती वाटत नाही. पोटाला वाटतेय, तो वेगळा विषय.
संकल्प: पहिल्या वाक्यालाच वर्ग जिंकायचा.

सोमवार, १०
मागे मार्गदर्शक मॅडम बसलेल्या. मी पिशवीत हात घातला, तोच पंखा सुरू झाला. मुलांनो, आंघोळीनंतर, एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य अख्ख्या वर्गाने एका सुरात म्हटलं. प्रश्नांच्या आधी उत्तरं आली. विनोदही त्यांनीच सांगितला. हसलं कुणीच नाही. मला पंख्याखाली घाम फुटला. दोन वेण्यांची मुलगी दया येऊन म्हणाली, सर, आता गृहपाठ. तो सगळ्यांचा आधीच लिहून झाला होता.

अर्धा तास शिल्लक आणि माझ्याकडे सांगायला काही नाही. मग उंच मुलाने विचारलं, सर, आमच्या घराची भिंत पंखा लावूनही वाळत नाही, ते का?

आता पहिल्यांदाच सगळे पिशवीऐवजी माझ्या तोंडाकडे बघू लागले. उत्तर त्यांना खरंच हवं होतं. मला येत नव्हतं. ते पोर्शनला नाही, म्हटलं. सगळ्या माना एकदम खाली गेल्या. फार वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

मॅडम म्हणाल्या, बाष्पीभवनाचा या वर्गावर यंदाचा हा सातवा पाठ. पुढच्या सोमवारी पुन्हा घ्या. याच मुलांवर. विषय, ती भिंत.

मंगळवार, ११
मामाचा फोन. स्टुलाला गादी बसवून घेतली म्हणाला.

ताईला म्हटलं, तुझ्या वर्गाला येऊन चार गोष्टी सांगाव्यात म्हणतो. म्हणाली, ये. मागचा बाक रिकामाच आहे. येताना वही आण.