मिनिटाला आठ शब्द

बूढ़ापारा, रायपूर
१४ जून २०२५

प्रिय गोदूताई,

नमस्कार. बारा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट बाजूला ठेवशील, असं वाटतंय. तरी लिहितोय.

आई ठीक आहे. गुडघे दुखतात, पण तलावाकडे रोज एक चक्कर असते. श्रावणी शिकवते ती शाळा सोमवारपासून सुरू होतेय. उरल्याच्या कारखान्यात मी आता रोलिंगच्या मशीनवर नाही, स्टोअरमध्ये बसतो.

गेल्या गुरुवारी कान तपासायला गेलो होतो. बंद खोली, डोक्याला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. उजव्या कानाला दाबत गेलो. डाव्याला एकदाही नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कब से?" तोंडून निघून गेलं, "शादी के पहले से." श्रावणी शेजारीच उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मग ती मोर्सची परीक्षा कशी पास झाले तुम्ही?"

तेच लिहायचं आहे. कानाचं सोडलं तर तुला सगळं माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या तारयंत्रावर गेली. जेवताना 'डा-डि-डा' म्हणत त्यांनी आपल्याला मोर्सचे संकेत शिकवले. हौशी रेडिओचा परवाना दोघांनी एकाच दिवशी काढावा, ही त्यांची हौस. मिनिटाला आठ शब्द, पाच मिनिटं ऐकून उतरवायचे. परीक्षेच्या खोलीत स्पीकर माझ्या डावीकडे होता आणि उजवीकडे कूलर घरघरत होता. दुसऱ्याच ओळीला माझी पेन्सिल थांबली. कानाचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. कारखान्यात कळतं तर काम गेलं असतं, आणि श्रावणीच्या घरी बोलणी चालू होती.

तू पाहिलंस. तुझा कागद माझ्याकडे सरकवलास. मी उतरवत गेलो, तुझी चुकलेली दोन अक्षरंसुद्धा.

परीक्षकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "किसने किसका देखा?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, "सर, मैंने नहीं."

तू माझं नाव घेतलं नाहीस. त्यांनी तुझ्या कागदावर आडवी रेघ मारली आणि तुला बाहेर जायला सांगितलं.

घरी बाबांनी विचारलं, तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "दिवाकरले विचारा." मी म्हणालो, "मले काही माहीत नाही." मग बाबा म्हणाले, "तुह्याकडून हे वाटलं नव्हतं, गोदू." ते मात्र मला नीट ऐकू आलं.

महिन्याभरात तू बिलासपूरला बदली मागून घेतलीस. बाबा गेले तेव्हाही अंगणातूनच परत फिरलीस. आणि मी पाहुण्यांना सांगत राहिलो, ताईचा स्वभावच तसा आहे.

काल आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडून राहिली होती. हातातली जुडी निवडून संपवली. मग म्हणाली, "मले काहून सांगतोस? तिले सांग."

परवाना परत पाठवला, खरं कारण लिहून. त्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. बाबांना सांगायचं राहिलं. ते आता होणे नाही.

मला उत्तर देऊ नकोस, चालेल. पण आईला एकदा फोन कर. संध्याकाळी सहानंतर कर. त्या वेळी मी बाहेर निघून जाईन, म्हणजे तिला मोकळं बोलता येईल.

'तुझा भाऊ' असं लिहून खोडलं. तू म्हणशील तेव्हा लिहीन.

दिवाकर