शाईतल्या माणसाचं वर्णन

३ मार्च
कालच्या नोंदीत एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. शाईच्या चित्रातला माणूस पाठमोरा आहे असं मी लिहिलं. तसं नाही. तो आपल्याकडे तोंड करून बसलाय. चेहरा तेवढा काढलेला नाही.

बाकी सगळं छान. कलादालनातली माझी खोली लहान, पण उजेडाची आहे. ज्यांना दिसत नाही अशा पाहुण्यांसाठी चित्रांची वर्णनं लिहून रेकॉर्ड करायची. ते कानाला यंत्र लावून ऐकतात. शाळेत घालण्याआधी बाबांनी मला घरी असंच शिकवलं होतं. समोर किटली ठेवायचे आणि म्हणायचे, दिसतं तेवढंच सांग. दालन चालवणाऱ्या बाईंना तेवढ्याने भागत नाही. म्हणाल्या, अगं, रेघा ऐकायला कोण येतंय? माणूस काय करतोय ते सांग. म्हणून मी म्हटलं, हा म्हातारा लेकीची वाट बघतोय. फोनवर बाबांना ऐकवलं तर हसले. म्हणाले, वाट बघतोय हे खरं, पण म्हातारा कुणाला म्हणतेस गं?

६ मार्च
उजव्या हाताची रेघ मनगटापाशीच संपते. बोटं नाहीत. बराच विचार करून रेकॉर्ड केलं: त्याच्या हातून सगळं निसटतंय.

संध्याकाळी आईचा फोन आला. दुपारपासून बाबांच्या हातून कप, चष्मा, जे धरतील ते पडतंय. आई म्हणाली, धांदरटपणा, दुसरं काय. योगायोग असेल.

८ मार्च
बाईंनी तोंडाचं विचारलं. तोंड काढलेलंच नाही, म्हणून मी म्हटलं: त्याचं बोलायचं राहून गेलं.

आज बाबांनी फोन उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता. डॉक्टरांना काही सापडत नाही.

१० मार्च
जुनी वर्णनं पुसली. फरक नाही. मग चित्रात नाही ते सांगितलं, चक्क खोटं: तो बरा झालाय, उठून चालू लागलाय.

आईचा फोन आला. बाबा उठले. दाराबाहेर पडले. आईने बाही धरली तरी थांबले नाहीत.

१२ मार्च
सापडले. अजून चालतायत. तळवे सोलून निघालेत, भिंतीला अडले तरी पाय—

आईचा फोन ठेवून मी धावत दालनात गेले आणि रेकॉर्ड केलं, तो बसलाय. बसले.

बाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, घरची आठवण येतेय तुला, दोन दिवस जाऊन ये. मी गेले तर चित्राजवळ कोण? उद्या दुसरं कुणी वर्णन केलं तर?

१३ मार्च
अर्थ लावायचाच नाही. फक्त रेघा सांगितल्या. एक आडवी. एक वाकलेली. मध्ये कोरा कागद.

आईला धड बोलता येईना. बाबा खुर्चीत आहेत, पण त्यांच्या मधून मागची भिंत— ती म्हणते, कडा तेवढ्या उरल्यात. काळ्या.

१४ मार्च
चित्र पुसलं तर त्यांचं काय उरेल? म्हणून पुसायचं नाही. आता ते दुसऱ्या कुणाचं तरी व्हायला हवं. हा म्हातारा नाही. ही तरुण मुलगी आहे. हात मनगटापाशी— तोंड— वय, उंची, सगळं माझं सांगायचं. बाबा सुटतील, की आम्ही दोघंही त्यात— माहीत नाही. आईला कळवलं नाही, ती मला बोलूच देणार नाही. दालन सोमवारी बंद असतं. तेव्हाच. हे लिहिताना पेन दोनदा हातून पडलं. सोमवारी, सोळा मार्चला, मी