‘दोस्त’ऐवजी ‘बायको’ हे उत्तर ग्राह्य धरण्याबाबत

प्रति,
मा. कमांडिंग ऑफिसर साहेब,
(माजी शिपाई गुणवंता नत्थूजी डिगरसे यांची पलटण)
मार्फत सैनिक डाकघर

विषय : माजी शिपाई गुणवंता यास राहत्या घराच्या फाटकावरील पहाऱ्यातून मुक्त करणारा लेखी आदेश मिळणेबाबत.
संदर्भ : आपल्याकडील सेवामुक्तीचे पत्र, मार्च १९८६.

महोदय,

अर्जदार नत्थूजी डिगरसे, सेवानिवृत्त सिग्नल मेकॅनिक, रेल्वे, मुक्काम तिगाव. आपण मराठी आहात असे गुणवंताने एका पत्रात कळविले होते. म्हणून अर्ज हिंदीत न करता मराठीत सादर करीत आहे.

१. गुणवंता हा अर्जदाराचा एकुलता मुलगा. उत्तरेकडील बर्फातल्या चौकीवर तो पहाऱ्यास असताना, त्याच्या जागी उभा राहण्यास निघालेला शिपाई देवीदास, राहणार सौंसर, वाटेत कोसळत्या हिमकड्याखाली गाडला गेला. बदली आली नाही. गुणवंता उभाच राहिला. त्यास खाली आणले तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. यात कोणाचा दोष होता असे अर्जदाराचे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की, त्या दिवशी त्याच्याकडून पहारा कोणी रीतसर ताब्यात घेतला नाही, आणि संदर्भित पत्रातही तसा उल्लेख नाही.

२. घरी आल्यापासून गुणवंता आमच्या फाटकावर पहारा देतो. हातात तुतारी, म्हणजे बैल हाकायची आर लावलेली काठी, असते. येणाऱ्या प्रत्येकास तो "थम! कौन आता है?" असे विचारतो. "दोस्त" असे उत्तर आल्यास वाट देतो, अन्यथा देत नाही. जेवण उभ्याने, झोप भिंतीला टेकून. नागपूरच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. "ड्यूटीवर झोपत नसतात," म्हणून त्याने त्या कोंबड्यांना टाकल्या. कोंबड्या झोपल्या. पत्नी अंबाबाई हिच्या आग्रहाखातर त्यास जामसांवलीस नेले. तेथील मारुतीराय निजलेले आहेत. गुणवंताने नमस्कार केला, आणि देव झोपला आहे तर कोणीतरी जागे पाहिजे, म्हणून दाराशी पहाऱ्याला उभा राहिला. त्या शनिवारी भाविक मंडळी "दोस्त" म्हणून दर्शनास आत गेली.

३. सून सौ. उर्मिला हिला लग्नानंतर नवरा सुट्टीपुरताच मिळाला. तो कायमचा घरी आल्यावर वर्षभर तिने विनातक्रार "दोस्त" म्हटले. विहिरीवरच्या बाया तिला हसत, "काय वो दोस्त, आज उशीर झाला!" चार वर्षांची नात बापाला बाबा म्हणत नाही, दोस्तच म्हणते. गेल्या महिन्यात आखाडीच्या, म्हणजे आषाढी पौर्णिमेच्या, दिवशी उर्मिला पाण्याची घागर घेऊन आली. विचारणा झाली. ती म्हणाली, "बायको." पुन्हा विचारणा झाली. पुन्हा तेच उत्तर. अंबाबाई आतून ओरडली, "म्हण ना वं एकदाचं, काय जाते तुयं?" त्यावर ती म्हणाली, "माह्यं जाते ते तुमाले नाही दिसत, आत्याबाई." दिवेलागणीपर्यंत ती डोक्यावर घागर घेऊन उभी होती. तोही तसाच उभा होता. मग तिने घागर फाटकाशी ठेवली आणि शेजारच्या देवकाबाईंच्या ओसरीवर गेली. आजतागायत ती तेथेच आहे. नात तेवढी दोस्त म्हणत इकडून तिकडे येते-जाते.

४. अर्जदाराने मग देवीदासची आई लीलाबाई हिला सौंसरहून विनंती करून आणले. देवीदास आता नाही, हे तिच्या तोंडून ऐकल्यास गुणवंता मानेल अशी आशा होती, आणि बाईंनीही ते कबूल केले होते. त्यांना गुणवंताने विचारणा केली नाही. सलाम केला आणि म्हणाला, "मावशी, देवीदास निघाला काय?" बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "निघाला, बाप्पा. रस्त्यात आहे." परतीच्या बसपाशी अर्जदाराने कारण विचारले असता उत्तर मिळाले ते असे : "साऱ्या दुनियेत हाच एक माह्या पोराची वाट पाहून राहिला, भाऊ. ते मी कशी बंद करू?" तेव्हापासून गुणवंता सौंसरच्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो.

५. अर्जदार नागपूरच्या तांत्रिक विद्यालयात शिकला व हयातभर त्याने ब्लॉक यंत्रे दुरुस्त केली. गाडी सुटली की दोन्ही स्टेशनांच्या यंत्रांवर काटा ‘गाडी मार्गात’ दाखवितो, आणि गाडी पोचल्याची खूण पुढच्या स्टेशनाकडून आल्याशिवाय मागच्याचा काटा हलत नाही. यंत्राच्या मुठीशी झोंबून उपयोग नसतो. यंत्र बिघडलेले नसते. ते पोच मागत असते. गुणवंताला वेडा म्हणणाऱ्यांना अर्जदार हेच सांगतो. जिल्ह्याच्या सैनिक बोर्डात चौकशी केली तेव्हा तेथील बाबूजी म्हणाले, "दादाजी, जिसका डिस्चार्ज हो गया वो ड्यूटी पर कैसे?" त्यांचे नियमाने बरोबर आहे. पोच आपल्याकडूनच येऊ शकते, इतकेच.

६. उर्मिलाचा भाऊ वामन या महिनाअखेर, पोळ्यानंतरच्या गोटमारीच्या (दगडफेकीच्या जत्रेच्या) दुसऱ्या दिवशी बहीण व भाची यांना माहेरी लोधीखेड्यास नेणार आहे. तिने नाही म्हटलेले नाही. काल मात्र भिंतीपलीकडून ती अर्जदारास म्हणाली, "मामंजी, साहेबाले लिहा. देवीदासभाऊ नाही येत त मले लावा त्याच्या जागी. मी उभी राहतो. याले म्हणा, निज आता."

सबब विनंती की, पहारा संपल्याचा आदेश गुणवंताच्या नावे काढावा. देवीदासविषयी त्यात काही लिहू नये. लीलाबाईंना शब्द दिला आहे. असा आदेश काढता येत नसल्यास, देवीदासऐवजी सौ. उर्मिला हिने पहारा ताब्यात घ्यावा असे लिहावे. तेही नियमात बसत नसल्यास, ‘बायको’ हे उत्तर ‘दोस्त’च्या बरोबरीने ग्राह्य धरावे, एवढी तरी सूचना गोटमारीपूर्वी यावी.

हा अर्ज टाकण्यास अर्जदार स्वतः टपालघरात जाणार आहे. परतल्यावर फाटकावर विचारणा होईल. आजवर अर्जदारानेही "दोस्त" असेच म्हटले आहे. "बाप" असे उत्तर देऊन पाहण्याची हिंमत, सुनेचे झाले ते पाहून, होत नाही. त्याबाबतही आदेशात एक ओळ असावी.

आपल्या पोचेच्या प्रतीक्षेत,
नम्र अर्जदार
(सही) नत्थूजी डिगरसे
तिगाव, जि. छिंदवाडा
दि. ५ ऑगस्ट १९८७

सोबत :
१) सेवामुक्तीच्या पत्राची नक्कल.
२) आदेशाचा हिंदी मसुदा, ठळक अक्षरांत, सही व शिक्क्याची जागा कोरी सोडली आहे.