आजींच्या मिस्सेची गाणी

१२ मार्च, सकाळी ८
रत्नम्माआजींना सगळ्यात आवडणारं गाणं कोणतं? आठ वर्षं चर्चच्या गायनवृंदात त्यांच्या शेजारी उभी राहिले, तरी मला सांगता येत नाही. काल आजी गेल्या. उद्या चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा-प्रार्थना. फादर म्हणाले, गाणी तू आणि महेश्वरी मिळून ठरवा.

मिळून कशाला? घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, तीही संगीतात. महेश्वरीही गायनवृंदातलीच, पण दहावी, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करते. हेवा अजिबात नाही. प्रश्न दर्जाचा आहे.

दुपारी २
यादी तयार. नऊ गाणी: मराठी, इंग्रजी, एक लॅटिन. शुभवर्तमानाच्या वाचनाआधी भव्य आलेलुया. दोन सोलो, दोन्ही माझे. महेश्वरी म्हणाली, अगं, आजी लई साधी होती, लोकांना येतंय ते घेऊ की. वर विचारते, लॅटिन कुणासाठी गं, देवासाठी का फादरसाठी? मी सरळ छापखान्यात निघाले. सात रस्ता चौकात शंभर पत्रकं छापून घेतली. खाली ठळक: ‘निवड – तेजश्री, बी.ए. (संगीत)’.

संध्याकाळी ७
फादरनी पत्रक पाहिलं. म्हणाले, बाळ, उपवासकाळ चालू आहे, ईस्टरपर्यंत आनंदाचं आलेलुया गात नाहीत. मला माहीत होतंच. घाईत राहिलं. शंभर पत्रकांवर पेनाने काट. त्यातल्या पन्नास महेश्वरीने मारल्या, न हसता. हसली असती तर बरं झालं असतं.

१३ मार्च, दुपारी १
मिस्सा झाली. लॅटिन सोलोत वरच्या पट्टीला आवाज फाटला. माइक खराब असावा. लोक पत्रकांनी वारा घेत होते.

शवपेटी उचलली आणि मागून महेश्वरीने मेंढपाळाचं स्तोत्र धरलं. तेलुगूत, आजींच्या नि इथल्या निम्म्या घरांच्या भाषेत. पत्रकात नव्हतं! आजी हातमागावर विणायला बसल्या की हेच म्हणायच्या म्हणे. त्यांचा मुलगा सिदूकाका सकाळपासून दगडासारखा बसला होता. तो गायला लागला, मग रडला. सगळं चर्च गात होतं. मला शब्द येत नव्हते. नुसते ओठ हलवले.

यापुढे महेश्वरीशी बोलायचं नाही.

१४ मार्च, सकाळी ७
काल संध्याकाळीच तिच्या घरी गेले. शिकव म्हणाले. ती म्हणाली, बस की, आधी चहा घे.

उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर स्तोत्र लिहून घेतलं, देवनागरीत. दुसऱ्या कडव्यात सूर घसरतोय, असं मी दाखवून दिलं. ती म्हणाली, आजी तसंच म्हणायची.

घसरलेलाच उतरवून घेतला.